पहिल्या पडद्यावरचं ‘या’

डोळे अधू झाल्यापासून बाई वाचनालयाची पायरी चढल्या नव्हत्या. जिथे बत्तीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढली, तिथे जाऊन “जरा एवढं नाव वाचून दाखवता का?” असं विचारायचं त्यांच्या अगदी जिवावर यायचं. मुलगी सारखी मागे लागायची, “आई, आता ऐकायची पुस्तकं आलीत तिथे. चल ना.” बाई म्हणायच्या, “उद्या बघू.” पुस्तक स्वतःला शोधता येत नसेल तर वाचनालयात जाऊन करायचं काय, हा त्यांचा हट्ट. अशा ‘उद्या बघू’त आठ महिने गेले.

बाई मानी होत्या, आणि त्या मानाला कारणही होतं. वाचनालयात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यासोबत एका कंपनीचं सॉफ्टवेअर आलं होतं. बाईंनी त्यात अकरा हजार पुस्तकांच्या नोंदी केल्या. चार वर्षांनी कंपनीने गाशा गुंडाळला, आणि एका सकाळी पडद्यावर अक्षरं उमटली, ‘मुदत संपली’. नोंदी आत, बाई बाहेर! दुरुस्त करून घ्यावं तर सोर्स कोड, म्हणजे प्रोग्राम ज्या ओळींचा बनतो तो मूळ मजकूर, कंपनीने कधी कुणाला दाखवलाच नव्हता. त्या दिवशी बाई कपाटाआड जाऊन रडल्या.

मग शेहेचाळिसाव्या वर्षी त्या स्वतःच प्रोग्राम लिहायला शिकल्या. टेबलाच्या एका टोकाला त्यांचा कॉम्प्युटर, दुसऱ्या टोकाला नवऱ्याचं शिलाई मशीन. नवरा शिंपी, आणि जीभ कात्रीपेक्षा धारदार. “माझं शर्टाचं माप चुकलं तर एक गिऱ्हाईक ओरडतं,” तो म्हणायचा, “तुझं चुकलं तर अकरा हजार पुस्तकं ओरडतील.” दीड वर्षाने प्रोग्राम धड चालायला लागला. तसली सकाळ दुसऱ्या कुणा ग्रंथपालावर येऊ नये म्हणून बाईंनी तो सोर्स कोडसकट इंटरनेटवर ठेवून दिला.

“बेतायचे कागदसुद्धा देऊन टाकलेस?” शिंपी उडालाच. कपडा कापायच्या नमुन्यांचे त्याचे स्वतःचे कागद कुलपात असायचे.

पण तीन महिने कुणी तो प्रोग्राम घेतलाच नाही. मग एका शाळेच्या ग्रंथपालाचं ईमेल आलं : प्रोग्राम फार आवडला, पण वापरता येत नाही, सोबत परवाना दिसत नाही. बाई भडकल्या. “सगळं उघड्यावर ठेवलंय, आणखी काय हवंय याला?”

शिंप्याने मशीन थांबवलं. “अगं, तू दार उघडं टाकलंस, पण ‘या’ म्हणालीसच कुठे? भला माणूस उंबऱ्यावरूनच परत जाणार.”

आणि खरंच तसं होतं. लिहिलेल्याचे हक्क लिहिणाऱ्याचेच राहतात. परवानगी लेखी दिल्याशिवाय दुसऱ्या कुणाला ते वापरता किंवा बदलता येत नाही. बाई आठवडाभर परवाने वाचत बसल्या. एकात होतं : काहीही करा, फक्त मूळ लेखकाचं नाव आणि हा परवाना सोबत राहू द्या. दुसऱ्यात होतं : वापरा, बदला, वाटा, विकासुद्धा, पण दुसऱ्याला द्याल तेव्हा सोर्स कोड आणि हीच मोकळीक त्यालाही द्या.

“म्हणजे पुढच्याला कुलूप लावता येणार नाही,” शिंपी म्हणाला. “हाच घे.”

बाईंनी दुसरा परवाना लावला, आणि प्रोग्रामच्या पहिल्या पडद्यावर मुद्दाम एक ओळ घातली, ‘या. वापरा, बघा, बदला, पुढे द्या.’

काय दिवस होते ते! कुठकुठल्या ग्रंथपालांची पत्रं यायची. कुणी चूक दाखवायचं, कुणी स्वतःच सुधारून पाठवायचं. शिंपी दोरा ओवता ओवता रोज विचारायचा, “आज कोण आलं?” आणि बाई वाचून दाखवायच्या. तो जाऊन आता चार वर्षं झाली होती. तसं विचारणारं घरात कुणी उरलं नव्हतं.

शेवटी वाचनालयातल्या नव्या ग्रंथपाल मुलीनेच फोन केला. “बाई, पुस्तक तुमचं तुम्हीच शोधायचं. मी बोटसुद्धा लावणार नाही. एकदा याच.” मग मात्र बाई उठल्या.

तीच खिडकी, तेच टेबल. ग्रंथपाल मुलीने त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला आणि बोट एका बटणावर नेऊन ठेवलं. “प्रोग्राम तुमचाच आहे, बाई. दूरच्या एका अंधशाळेतल्या शिक्षकांनी त्यांच्या मुलांसाठी त्याला पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज जोडला. त्यांनी तो सोर्स कोडसकट पुढे दिला, तिथून आणखी कुणी दिला, असा फिरत फिरत परत आमच्याकडे आला.”

“त्यांनी मला कधी कळवलं नाही?”

“परवान्यात तशी अट कुठे आहे? तुम्हीच तर निवडलात तो.”

बाईंना हसू आलं. त्यांनी बटण दाबलं. कानात एक अनोळखी आवाज स्पष्ट म्हणाला, “या.”

बाईंचा हात बटणावरच राहिला. डोळे भरून आले, ते त्यांनी पुसलेही नाहीत. पुस्तकाचं नाव टाइप करण्याआधी त्या अगदी हळू, शेजारी बसलेल्या माणसाला सांगावं तशा म्हणाल्या, “आज मी आले, हो.”