व्हर्नाचा मधला कार्बोरेटर

बेकर्सफील्डच्या रविवारच्या जुन्या बाजारात व्हर्ना स्टोव्हॉलच्या टेबलाभोवती कायम घोळका असतो. जुन्या फोर्ड गाडीचं छप्पर नि मडगार्ड उतरवायचे, इंजिनावर एकाच्या जागी तीन कार्बोरेटर बसवायचे आणि ती सुसाट पळवायची, हे आमच्याकडचं खूळ. तिन्ही कार्बोरेटर एका जातीचे लागतात. मिळतात ते अठरापगड: धड एकाचं, झाकण दुसऱ्याचं, बूड तिसऱ्याचं. व्हर्ना कार्बोरेटरच्या घशात, म्हणजे हवा ओढायच्या भोकात, आपली मापाची सळई घालते आणि सांगून मोकळी होते, हा तुला लागतो त्या जातीचा नव्हे, पुढचा दे. गिऱ्हाइकाचं तोंड एवढंसं होतं. मी शेजारी जुने दिवे विकतो, त्यामुळे ही करमणूक मला फुकटात मिळते.

स्वतःच्या गाडीचे कार्बोरेटर मात्र तिनं कधी मोजले नव्हते. ती गाडी तिच्या नवऱ्याची, हार्लनची. तिन्ही कार्बोरेटर त्यानंच हौसेनं जमवलेले. आमच्या पिढीला चकाकीचं भारी वेड. क्रोमचा मुलामा चढवण्याआधी हार्लननं त्यांच्या अंगावरचे ओतीव आकडे घासून सपाट केले, आरशासारखे दिसावेत म्हणून. आता जात ओळखायची ती त्याच आकड्यावरून! एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर, जिथे आमच्या शर्यती होतात, ताशी शंभर मैल गाठायचे, एवढा एकच ध्यास त्यानं जन्मभर धरला. गाडी नव्वदीत खोकायची. तो कधी पेट्रोलला शिव्या घालायचा, कधी वाऱ्याला. शंभर न गाठताच तो गेला.

यंदा त्याच्या जागी व्हर्ना स्वतः बसली. ते शंभर तिला गाठायचेच होते. पहिल्याच फेरीत गाडी नव्वदीत खोकली. वाऱ्यामुळे, असं ती म्हणाली आणि माझं डोकं फिरलं.

"व्हर्ना, हे तिन्ही कुणी तुझ्या टेबलावर आणले असते, तर न मोजता जाऊ दिले असतेस?"

"ते हार्लननं बसवलेत, लेस्टर."

"म्हणूनच विचारतोय."

पुढे कितीतरी दिवस तिनं माझ्याशी अबोला धरला. बाजारात माझ्या थर्मासमधली कॉफीसुद्धा घेतली नाही. मग एका सकाळी तिनं फोन करून गॅरेजात बोलावलं. तिन्ही कार्बोरेटर उतरवून फडक्यावर मांडलेले होते. सळई पहिल्यात सुळकन गेली, तिसऱ्यातही गेली. मधल्यात अडकली. तो लहान इंजिनाचा होता, अरुंद घशाचा, बाहेरून बाकीच्यांसारखाच.

ती स्टुलावर बसली. मला वाटलं, चिडेल.

"कानाला कळायचं रे," ती म्हणाली. "मधला कमी ओढतोय, हे मला केव्हाचं कळायचं. पण त्याचा चेहरा बघून सांगवत नव्हतं."

तिनं टेबलाखालच्या पेटीतून त्याच जातीचा एक कार्बोरेटर काढला. मळकट, डागाळलेला, अंगावर आकडा ठसठशीत. दोन चकचकीत भावांमध्ये तो अगदीच दरिद्री दिसत होता. मी म्हटलं, निदान पॉलिश तरी मारून देतो. हात लावलास तर याद राख, म्हणाली.

पुढच्या शर्यतीला तिची गाडी ओढून परत न्यायला मी तळ्याच्या दूरच्या टोकाला पिकअप लावून थांबलो होतो. धुळीचा लोट आधी दिसला, मग आवाज आला. नव्वदीचा टप्पा जिथे यायचा तिथे मी कान टवकारले. गाडी खोकली नाही. कर्ण्यावर वेग पुकारला: एकशे चार.

तिनं हेल्मेट काढलं आणि ढसाढसा रडली. मीही रडलो, लाजायचं काय त्यात.

"हे हार्लनला मिळायला हवं होतं," मी म्हणालो.

"मिळालं असतं." तिनं हातमोज्यानंच नाक पुसलं. "त्याला 'मोजतेस का' विचारवलं नाही, मला सांगवलं नाही. दोघंही एकमेकांना जपत बसलो."

तिनं बॉनेटवर एक थाप मारली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बघत काय बसलास? दोर बांध. रांग वाढायच्या आत अजून एक फेरी मारते. ती त्याची झाली, ही माझी."