मानेवरचं औषध

आमच्याकडे कुत्रा पाळला असं कुणी म्हणत नाही, कुत्रा राहिला असं म्हणतात. हाही राहिला. सहा वर्षांपूर्वी वाडीच्या कुंपणातून आत आला, पडवीतल्या गोणपाटावर बसला आणि उठायचं नाव घेईना. तपकिरी रंगाचा, एक कान पडलेला. त्याला नाव ठेवायचं राहून गेलं. माझे वडील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणतो, ‘अरे’ अशी हाक मारायचे आणि तो यायचा. मग वेगळ्या नावाची गरजच पडली नाही.

घरात आम्ही दोघंच. मी अलिबागला कोर्टात, नकला देण्याच्या खात्यात कारकून आहे. सकाळच्या एसटीने जाते, संध्याकाळी येते. लग्नाच्या भानगडीत पडले नाही. आप्पांनी गुडघे कुरकुरायला लागल्यावर बैल विकले, आणि त्यांच्या हाताखाली जनावर म्हणून हा एक कुत्राच उरला.

रोज संध्याकाळी मी घरी पोचायची तेव्हा ओटीवर एकच देखावा असायचा. आप्पा चष्मा लावून बसलेले, कुत्र्याचं डोकं त्यांच्या मांडीवर, शेजारी मिठाच्या पाण्याचा डबा. कानाच्या आत, पंजाच्या बोटांमध्ये, शेपटीखाली शोधून शोधून ते गोचिडी उपटायचे आणि डब्यात टाकायचे. रक्त पिऊन फुगलेली गोचीड एरंडाच्या बीएवढी होते. “आज तेरा,” असं ते मला मासळी गावल्याच्या थाटात सांगायचे. मी नाक मुरडून चहा टाकायला आत जायची. पिसवांचा तर ते हिशेबच धरत नसत. पिसवा उड्या मारून जातात, त्यांच्याशी वैर धरण्यात अर्थ नाही, असं त्यांचं मत.

बैल होते तेव्हाची गोष्ट वेगळी. त्या वेळी गोचिडींचं औषध बादलीत कालवून सकाळी बैलांच्या अंगाला चोळत. घटकाभर ते मुरलं की बैलांना समुद्रावर न्यायचं, पोटापर्यंत पाण्यात उभं करायचं आणि नारळाच्या सोडणाने घासून काढायचं. जनावर अंग चाटतं, औषध पोटात गेलं तर मरतं, म्हणून धुणं चुकवायचं नाही. आमच्या किनाऱ्यावर बहुतेक घरचे बैल रविवारी असेच भरतीला उभे असायचे, आणि माणसं त्यांच्या आडून गप्पा मारायची.

कुत्र्याच्या गोचिडी भिंतीवर चढताना दिसायला लागल्या तेव्हा माझा संयम सुटला. आमचं घर जांभ्या दगडाचं, फटींना तोटा नाही. एक गोचीड माझ्या उशीवर सापडली. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून लवकर निघून जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरीण माझ्या निम्म्या वयाची असेल, पण बोलणं स्वच्छ. म्हणाली, कुत्र्यावर दिसतात त्या थोड्या, बाकीच्या भिंतीत बसल्यात. अंडी तिथेच घालतात. फटी बुजवा, त्याचं अंथरूण उकळत्या पाण्यात धुवा, महिन्यातून एकदा ही नळी त्याच्या मानेवर रिकामी करा. केस बाजूला सारून थेट कातडीवर. दोन दिवस आधी आणि दोन दिवस नंतर अंगाला पाणी नाही.

लिहिलेलं असलं की माझा त्यावर विश्वास बसतो. पंचवीस वर्षं कोर्टात दुसरं काय शिकले? मी सगळं नेमाने केलं. सिमेंट कालवून फटी भरल्या. गोणपाट जाळलं, त्या जागी जुनी चादर घातली आणि ती दर आठवड्याला उकळली. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी, सुट्टी असते म्हणून, कुत्र्याच्या मानेवर थेंब टाकले. आप्पा झोपाळ्यावरून बघत होते.

“काय गो ते, बाय?”

“गोचिडींचं औषध आहे. मी बघते सगळं. तुम्ही यात पडू नका, आप्पा.”

औषधाचा कागद इंग्रजीत होता. मी वाचला, घडी घातली आणि कपाटात ठेवला. आप्पांनी पुन्हा विचारलं नाही.

तीन महिने असे गेले. भिंतीवरच्या गोचिडी कमी झाल्या, पण कुत्र्याच्या अंगावरच्या काही हटेनात. मी औषधाला शिव्या घातल्या. मग एका बुधवारी मी कामावर निघाले तेव्हा आप्पांनी ‘अरे’ म्हणून हाक मारली आणि कुत्रा उठला नाही. भाकरी तशीच पडलेली. अंग तापलेलं, हिरड्या पांढऱ्याफटक, आणि नाकातून आलेला रक्ताचा थेंब चादरीवर वाळलेला.

रिक्षात आप्पांनी त्याला मांडीवर घेतलं. डॉक्टरणीने रक्त तपासलं आणि गोचीड ताप असल्याचं सांगितलं. “रक्त फार उतरलंय. सलाईन लावते. दोन दिवस जाऊ देत, आत्ता काही सांगता येणार नाही.” मग मला विचारलं, “थेंब वेळेवर टाकता?”

“हो.”

“नंतर पाणी लागलं अंगाला?”

“नाही.” साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी असल्यासारखं मी ठणकावून सांगितलं.

तेवढ्यात ऑफिसचा फोन आला म्हणून मी बाहेर गेले. परत आले तर आप्पा कुत्र्याचा पंजा धरून बसले होते, मान खाली. दुःखाने असेल असं मी धरून चालले.

कुत्रा जगला. पाचव्या दिवशी त्याने पेज चाटली, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. हे आप्पांना ठाऊक नाही. गोळ्या महिनाभर चालू राहिल्या.

याच दिवसांत मागीलदारी धुणं वाळत घालताना मला कौलांच्या खाली खोचलेलं एक सोडण दिसलं. कडक, मीठ धरलेलं, आणि त्यात तपकिरी केस अडकलेले. मी ते हातात घेऊन उभी राहिले. रविवारी दुपारी मी झोपते, आणि आप्पा कुत्र्याला घेऊन किनाऱ्यावर जातात; फिरायला जातात असं मी समजत होते. ते बैलांचं करायचे तेच करत होते. औषध लावलं, घटकाभर मुरलं, मग जनावराने चाटून मरू नये म्हणून समुद्रात धुऊन काढलं. नेमाने, प्रत्येक वेळी. जितक्या निगुतीने मी थेंब टाकले तितक्याच निगुतीने त्यांनी ते घासून काढले होते.

पहिल्यांदा संताप आला. मग लक्षात आलं, पाण्याबद्दल मी त्यांना सांगितलंच नव्हतं. नोटीस बजावल्याशिवाय माणसाला दोषी धरता येत नाही, एवढं मला कळायला हवं होतं.

मी एकटीच डॉक्टरणीकडे गेले आणि सगळं कबूल केलं. ती हसली नाही, चकितही झाली नाही. म्हणाली, खाऱ्या पाण्याने गोचिडी मरत नाहीत, औषध मात्र जातं. आता पोटात द्यायची गोळी मिळते. मग त्याला समुद्रात घाला की पावसात उभा करा, काही बिघडत नाही. मी गोळी आणली आणि बांगड्याच्या तुकड्यात घालून कुत्र्याला भरवली. आप्पांना काही सांगायचं नाही, थेंब बंद केल्याचंही नाही, असं ठरवलं. आपल्या हाताने कुत्रा मरता मरता राहिला हे कळलं तर त्यांना सोसणार नाही. त्यांचा समुद्र त्यांच्याकडे राहू दे, कुत्रा गोळीवर जगेल. माझ्या या मोठेपणावर मी बरीच खूश होते.

त्यानंतर दोन महिन्यांनी, एका रविवारी दुपारी वीज गेली. उकाड्याने झोप लागेना म्हणून मीही किनाऱ्यावर गेले. भरती होती. सुरूच्या झाडाला कुत्रा बांधलेला होता, कोरडा ठणठणीत, जीभ काढून पाण्याकडे बघत. आणि आप्पा एकटेच गुडघाभर पाण्यात उभे होते. हातात काही नाही. पूर्वी बैल उभे असायचे त्याच जागी.

मी पाण्याच्या कडेपर्यंत गेले. “त्याला का बांधलात, आप्पा?”

“त्याच्या औषधाला पाणी चालत न्हाय, बाय. डॉक्टरीण बोलली.”

“कधी?”

“सलाईन लावलान तवा. तू भायेर फोनवर व्हतीस. मीच विचारला तिला, औषध दर्यात धुतला तर चालतं काय.” त्यांनी झाडाखालच्या कुत्र्याकडे पाहिलं. “तुला सांगनार व्हतो. धीर न्हाय झाला.”

म्हणजे त्या दिवशी रिक्षात, कुत्रा मांडीवर घेऊन, त्यांना सगळं ठाऊक होतं. पाच दिवस तो मरतो की जगतो हे बघताना ठाऊक होतं. त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी ते इथे येऊन, त्याला झाडाला बांधून, एकटे पाण्यात उभे राहत होते. आणि मी घरात माझा मोठेपणा कुरवाळत झोपले होते. मला लाज वाटली.

“आता थेंब नाहीत, आप्पा,” मी म्हणाले. “गोळी आहे, पोटातली. दोन महिने मी तीच देतेय. पाण्याचं काही नाही आता.”

रागावतील असं वाटलं, पण रागावले नाहीत.

“मंग सांगायचास ना गो,” एवढंच म्हणाले.

मी मागे जाऊन दोरीची गाठ सोडली. कुत्रा हलला नाही. त्याला पाण्यात न जायची सवय लागली होती. तो माझ्याकडे बघत बसून राहिला. मग आप्पांनी पाण्यातून हाक मारली, “अरे!” आणि तो पळत सुटला.