मधला माणूस

गेल्या नोव्हेंबरचा तिसरा रविवार. गटाची शिल्लक तीनशे अडुसष्ट रुपये. हजर तिघे : मी, माझी पत्नी नलिनी आणि मनोहरचा धाकटा भाऊ सुरेश. मनोहर जाधव झोपेतच गेला, त्याला तीन आठवडे झाले होते. डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, त्याच्याच पुढच्या खोलीत बसून आम्ही त्याने चौदा वर्षं चालवलेला ग्राहक गट बंद करत होतो. सुरेशला जागा रिकामी करायची होती. स्वयंपाकघरातलं कपाट उघडून तो म्हणाला, "अहो, दादा उपास कधीपासून करायला लागला?" वरच्या फळीवर वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या पाव-पाव किलोच्या पुड्या रचून ठेवल्या होत्या. एकीचाही दोरा सुटलेला नव्हता. आम्ही एक सोडून पाहिली... साबुदाणा. जाधवांच्या घरात उपासतापास आजोबांच्या काळापासून बंद. मला काहीच उमगेना.

मनोहर ठाण्याच्या एका कारखान्यात खरेदी विभागात होता. एखादी वस्तू तयार झाल्यापासून आपल्या हाती पडेपर्यंत तिच्यावर कोण किती चढवतो, हे शोधणं त्याचं रोजचं काम. आम्ही सगळे या इमारतीत नव्याने राहायला आलो तेव्हा त्याने बारा बिऱ्हाडांना गच्चीवर जमवलं आणि सांगितलं, "मधला माणूस काढा. बाकी काही करू नका." मधला माणूस म्हणजे कोपऱ्यावरचे किराणावाले मावजीभाई. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी घाऊक बाजारातून टेम्पो यायचा. मनोहर आणि त्याची बायको शालिनी सोफा भिंतीला लावायचे, सतरंजी अंथरायचे, पोती उघडायचे. तराजू त्याच्या हातात, हिशेब माझ्याकडे. खरं तर दीड-दोन तासांचं काम, पण जेवायची वेळ टळून जायची. कुणाच्या मुलीला स्थळ सांगून आलं, कुणाची बदली झाली, हे सगळं त्या पोत्यांभोवती कळायचं. नलिनी म्हणायची, "भाऊजी, डाळ चोख मोजता, तशा गप्पाही मोजून मारा की." तो म्हणायचा, "वहिनी, त्याचं वजनमाप अजून निघालं नाही." शालिनी गेली त्या महिन्यातही वाटप चुकलं नाही. मूलबाळ नव्हतं. पुढे पुढे वाटायचं, त्याच्या महिन्यात तो एकच दिवस आहे.

अठ्ठ्याण्णव साली त्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि आलेल्या पैशातून कॉम्प्युटर आणला. टेलिफोनच्या तारेतून खरखर करत इंटरनेट लागलं की तो हाक मारून मला वरच्या मजल्यावरून खाली बोलवायचा. "हे बघ, आजवर ज्याला भाव माहीत तो श्रीमंत व्हायचा. आता भाव सगळ्यांनाच कळणार. मग कंपन्या जगणार कशावर? जो गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत येईल तो जगेल." त्याने एका घाऊक व्यापाऱ्याला हे पटवलं. याद्या इमेलने जायच्या, ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही त्यांच्या मनोहर टाइप करणार, आणि प्रत्येक घराची पिशवी तिकडेच भरून दारात येणार. कुणाचे किती तास वाचतील याचा आकडा त्याने माझ्याकडून दोनदा तपासून घेतला. वर्षभर तो याच्यासाठी खपला.

त्या पद्धतीच्या पहिल्या रविवारी टेम्पो आला, दोन माणसांनी पिशव्या दारोदार पोचवल्या आणि काम संपलं. दुपारी मी सहज खाली गेलो. सोफा भिंतीला लावलेला होता. सतरंजी अंथरलेली होती. तराजूही टांगलेला होता, आणि त्याच्याशेजारी मनोहर स्टुलावर बसला होता.

"सवयीने केलं रे," तो म्हणाला. "सगळ्यांना बरोबर मिळालं ना?"

"मिळालं. मी डाळ घरी मोजून पाहिली. चोख."

"मग झालं तर... बस ना."

मी बसलो. चहा झाला. मलाही तसं काही काम नव्हतं, पण पोती नसताना त्या खोलीत काय बोलायचं ते सुचेना. मी उठलो.

पुढे चार महिन्यांनी व्यापाऱ्याने सभासदांना परस्पर कळवलं : यादी थेट आमच्याकडे पाठवा, गटाची गरज नाही. मनोहरने मला ते पडद्यावर वाचून दाखवलं आणि मोठ्याने हसला. "अरे, मलाच काढला की! धोरण म्हणून चूक नाही हं. त्याच्या जागी मी हेच केलं असतं."

साबुदाण्याचं कोडं मावजीभाईंनी सोडवलं. मी मुद्दाम दुकानात जाऊन विचारलं. ते म्हणाले, "दर रविवारी सकाळी यायचे ना साहेब. पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, रस्ता चुकले. चौदा वर्षांत माझ्याकडून काडेपेटी नाही घेतली त्यांनी! विचारलं, साबुदाणा काय भाव? मी सांगितला. म्हणाले, लुटतोस, घाऊक भाव मला माहिताय. मी म्हटलं, मग बसा, हिशेब करू. बसले तासभर. भांडण झालं की पाव किलो घेऊन जायचे."

"पण साबुदाणाच का?"

"पहिल्या दिवशी तोच समोर होता. चालू भांडण मध्येच कसं बदलणार?" ते हसले. मग म्हणाले, "शेवटच्या खेपेला सुटे नव्हते. पुढच्या रविवारी देतो म्हणाले... राहू द्या आता."

मी राहू दिलं नाही. बारा घरांना प्रत्येकी तीस रुपये परत केले, आठ उरले. त्या पुडीचे सहा रुपये द्यायला सुरेश तयार होता. भावाचं खासगी देणं आहे, असं त्याचं म्हणणं. मी रात्रभर त्यावर विचार केला आणि नको म्हटलं. रविवारची खरेदी कायम गटाचीच होती. आम्ही कुणी खाली उतरलो नाही, म्हणून ती त्याला एकट्याने करावी लागली. उरलेलं दोन रुपयांचं नाणं आणि एक न सोडलेली पुडी आमच्या फडताळात आहे. नलिनी खिचडी करू म्हणते. मी करू देत नाही. गटाच्या हिशेबातली शेवटची ओळ मी अशी लिहिली : साबुदाणा पाव किलो, रुपये सहा, मावजीभाईंना रोख पोचते. खर्च गटाचा.