जिन्याखालची गोणपाटं

आमच्या संस्थेच्या कार्यकारिणीत अकरा जण आहेत आणि त्यांतल्या दहांना आयुष्यात कधी कुत्रं चावलेलं नाही. चावून घ्यायला कुत्र्याच्या जवळ जावं लागतं. अकरावा मी, चिटणीस. मला लहानपणी दोनदा चावलंय, पण सभेत मी ते सांगत नाही. सभेत मी नंदीबैल असतो.

खरं काम करते ती माझी मावशी. तीस वर्षं गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होती. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या. निवृत्त झाल्यावर गोदामामागच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये तिनं स्वतःचंच सुरू केलं. गाडीखाली आलेली कुत्री, पंख मोडलेली घार, कुणीतरी सोडून दिलेलं एक म्हातारं गाढव. पेपरवाल्यानं एकदा विचारलं, "प्राण्यांवर एवढं प्रेम कसं हो?" मावशी पट्टी बांधतच म्हणाली, "प्रेम कसलं? पाय मोडलाय. बांधायला नको?" ही मुलाखत छापून आली नाही.

आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. लाड फारसे केले नाहीत, कामं शिकवली. दवाखान्यातल्या जनावरांखालची गोणपाटं कशी घडी करायची, हे मला लिहिता यायच्या आधी येत होतं. तीन पदरी, मळकी बाजू आत, आणि शेवटचा काठ पदरात खोचायचा, म्हणजे उचलताना सुटत नाही. काठ खोचला नाही तर ती सगळी घडी उसकटायची आणि म्हणायची, "पुन्हा."

मग शहरातल्या मोठ्या लोकांना भूतदयेचा उमाळा आला. संस्था निघाली, जागा मिळाली, प्राण्यांसाठी नवं निवारा केंद्र बांधायचं ठरलं. मावशीला कार्यकारिणीत घ्यावं असं कुणाच्या मनात आलं नाही. माझ्या आलं होतं, पण मी बोललो नाही.

फरशी कशी निवडली ते सांगतो, म्हणजे या माणसांची लायकी कळेल. आर्किटेक्टनं नमुन्याचा तुकडा टेबलावर फिरवला. चकचकीत, पांढराशुभ्र. प्रत्येकानं तो हातात घेतला आणि त्यात स्वतःचं तोंड पाहिलं. खजिनदारांनी तर भांगही नीट केला. फरशी पसंत पडली. मी लिहिलं, 'सर्वानुमते मंजूर.'

फरशी बसल्यावर मावशी बघायला आली. तिची एक रीत आहे. जनावर कुठंही ठेवायचं तर आधी तिथं पाणी ओतते, स्वतः हातापायांवर ओणवी होते आणि जोर लावून बघते. चार पायांची जमीन दोन पायांवर उभं राहून कळत नाही, असं तिचं म्हणणं. आर्किटेक्टच्या देखत तिनं तांब्याभर पाणी ओतलं, ओणवी झाली, आणि दोन्ही हात सर्रकन पुढं गेले.

"यावर चालणार कोण?" ती म्हणाली.

"बाई, ही इंपोर्टेड फरशी आहे."

"जनावरं इथलीच आहेत ना?"

आर्किटेक्ट हसला. मीही हसलो, कारण अध्यक्ष हसले होते.

त्या दिवसांत मावशीचा सगळा जीव एका कुत्रीत गुंतला होता. शेडमध्ये सगळ्यांवर भुंकून हुकूम सोडायची म्हणून तिचं नाव कारभारीण. ट्रकनं मागचा पाय चिरडलेला. पायात सळई, नऊ आठवडे पट्ट्या, आणि आता कुठं ती पाय टेकायला लागली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, "एकदा जरी घसरली तरी पाय कापावा लागेल."

आणि अध्यक्षांना उद्घाटनाला नेमकी तीच हवी होती. दारापासून फितीपर्यंत चालत. "चालतं जनावर दाखवल्याशिवाय पुनर्वसन दिसणार कसं?" मावशी एका अटीवर कबूल झाली, वाटभर गोणपाटं हवीत. उद्घाटनाच्या दिवशी पहाटे उठून आली आणि दारापासून फितीपर्यंत चौदा गोणपाटं अंथरून कारभारणीला आणायला शेडवर गेली.

तासाभरानं अध्यक्ष आले. "हा काय बाजार मांडलाय? फोटोत गोण्या येणार!" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी मूग गिळून गप्प बसलो असतो तरी बरं झालं असतं. मी वाकलो. चौदाच्या चौदा उचलली आणि जिन्याखाली नेऊन ठेवली.

मावशी आली ती थेट दारात थबकली. कारभारणीला मागं ओढणार, तेवढ्यात अध्यक्षांनी आतून बिस्कीट दाखवलं. "ये, ये, ये!" कारभारीण हावरट. तिनं दोरीला हिसका देऊन उडी घेतली. पुढचे पाय फरशीवर फाकले, मागचे घसरायला लागले, आणि मावशीनं अंग झोकून दिलं. आधी मावशी पडली, तिच्या पोटावर कुत्री. कट्‌ असा आवाज झाला. सगळ्यांनी कारभारणीच्या पायाकडे बघितलं. तिचा पाय धड होता. ती बिस्कीट खात होती.

मोडलं होतं ते मावशीचं मनगट. अध्यक्षांनी आधी फोटोग्राफरला विचारलं, "आला का?" आणि मग मावशीला विचारलं, "लागलं का?" दुसऱ्या दिवशी तो फोटो पेपरात आला. वर मथळा होता, 'मुक्या जीवांशी जडले नाते.' मथळा मीच लिहून दिला होता.

उद्घाटनाच्याच दिवशी संध्याकाळी मी दवाखान्यात गेलो. हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये.

"गोणपाटं कुणी उचलली रे?"

"काय माहीत," मी म्हणालो. "मांडववाल्यांनी असतील."

"मांडववाले तीन पदरी घडी घालतात? मळकी बाजू आत? काठ खोचून?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "मला बाहेर नेताना जिन्यापाशी टेकवलं होतं. चांगली बघितली मी."

मी मान खाली घातली. आता ती शिव्या देईल, मग मी माफी मागेन, असा माझा हिशेब होता. तिनं शिव्या दिल्या नाहीत.

"उद्या सकाळी सातला जा. सगळी अंथर. कारभारणीला रोज चालवायचंय आणि मला आता हात नाही."

आणि मी, निर्लज्जासारखा, विचारलं, "पण अध्यक्ष काय म्हणतील?"

 ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

"घडी मात्र चांगली घालतोस," ती म्हणाली.