खांब नंबर सत्तावीस

चौथीच्या वर्गात फळ्याखालच्या भिंतीला चीर गेली, तेव्हा आधी आम्ही ती चुन्याने लिंपून टाकली. पंधरा दिवसांत ती पुन्हा उघडली, आणि या वेळी तिच्यात माझी लाकडी पट्टी अर्धी आत गेली. मग मात्र मी मुलांना मधल्या सुट्टीतच घरी पाठवलं, शाळेला कुलूप लावलं आणि तडक नकाशेकाकांचं घर गाठलं.

आमच्या गावात जमिनीखालचं काही विचारायचं तर माणूस एकच. हे गावच कोळशाच्या खाणीमुळे झालेलं. आधी इथे नदी होती आणि जंगल होतं. कंपनी आली, तिने जंगल तोडलं, ओळीने घरं बांधली आणि गल्ल्यांना नावं द्यायचेही कष्ट न घेता नुसते नंबर देऊन टाकले. साठ वर्षं गाव भोंग्याच्या आवाजावर उठलं आणि जेवलं. मग एका वर्षी खालचं पाणी पंपांना आवरेना. कंपनीने आधी माणसं वर काढली, मग पंप काढले, आणि खाण बंद. त्याला आता बावीस वर्षं झाली. इथल्या दमट हवेत उघड्यावर राहिलेल्या कशावरही हिरवं चढायला वेळ लागत नाही. खाणीच्या तोंडावरचा लोखंडी मनोरा वेलींनी इतका गिळलाय की पहिलीची मुलं चित्रात त्याला फांद्या काढतात.

नकाशेकाका सतराव्या वर्षी कंपनीच्या सर्व्हे ऑफिसात लागले. खालची मोजमापं वर यायची आणि काका ती शाईने नकाशावर उतरवायचे. महिन्यातून दोनदा मोजणीची साखळी धरायला स्वतःही खाली जायचे. कोळसा काढताना छत अंगावर येऊ नये म्हणून खाली जागोजागी कोळशाचेच घराएवढे चौकोनी खांब सोडून देतात. आमच्या खाणीत असे दोनशे अकरा खांब होते आणि काकांना ते शेजाऱ्यांसारखे ओळखीचे होते. तोटा एवढाच झाला की वरचं गाव त्यांच्या डोक्यात कधी नीट बसलंच नाही. कुणी पोस्टाचा रस्ता विचारला तर सांगायचे, "पंपघरापासून उजवीकडे तीन खांब सोडा." विचारणारा बिचारा पोस्ट सोडून खाणीतलं पंपघर गावात शोधत फिरायचा. लग्न त्यांनी केलं नाही. तीन नंबर गल्लीत थोरल्या भावाच्या घरातच राहिले. भाऊ अकरा वर्षांपूर्वी फुप्फुसाच्या दुखण्याने गेला. आता घरात काका आणि वहिनी, दोघंच.

मी चिरेचं सांगितलं तसा काकांनी पत्र्याच्या नळकांड्यातून नकाशा काढून पलंगावर पसरला. कंपनी गेली तेव्हाची ही शेवटची प्रत, त्यांनी घरी आणलेली. चोरलेली म्हणा हवं तर.

"ही तुमची शाळा," त्यांनी बोट टेकलं. "खाली खांब नंबर सत्तावीस. अख्खा."

"म्हणजे काळजी नाही?"

"नकाशात अख्खा आहे," काका म्हणाले. बोट तिथून हललं नाही. स्वयंपाकघरात वहिनी भांडी लावत होत्या. काकांनी तिकडे एकदा पाहिलं आणि नकाशा गुंडाळून ठेवला. "उद्या शाळेत येतो, बाई," म्हणाले.

आले ते सकाळीच. रिकाम्या वर्गात पोरांच्या बाकावर गुडघे हनुवटीपर्यंत घेऊन बसले, त्या चिरेसमोर.

"दादा ओव्हरमन होता," त्यांनी सुरुवात केली. खालच्या एका भागाची सगळी जबाबदारी ज्याच्यावर, तो ओव्हरमन. "शेवटच्या वर्षी कंपनीने सांगून ठेवलं होतं, कोळसा वाढला नाही तर खाण बंद. एक दिवस दादा ऑफिसात आला. म्हणाला, सत्तावीस नंबर काढलाय, एवढ्यात नकाशावर घेऊ नकोस."

म्हणजे इतकी वर्षं साठ मुलं एका पोकळीवर बसून पाढे म्हणत होती.

"खांब काढला? शाळेखालचा?"

"तिथेच तर घोळ आहे. सत्तावीस म्हणाला की सदतीस, ते आज छातीठोक सांगता येत नाही. सदतीसवर नुसतं रान आहे. मी पेन्सिलीने तुटक रेघा मारल्याचं आठवतं. त्या खोडल्याचंही आठवतं. खाली जाऊन त्या मोकळ्या जागेत उभा राहिल्याचंसुद्धा आठवतं, पण बाई, ते मी खरंच गेलो होतो की मला तसं स्वप्न पडायचं, ते काही केल्या कळत नाही."

"मग सांगून टाकू या ना सरकारी ऑफिसला."

काकांच्या दादाने एकदा छत कोसळल्यावर नऊ माणसं बाहेर काढली होती. त्यातली जी आज हयात आहेत, ती अजूनही वहिनी दिसल्या की उठून उभी राहतात. "वहिनींना हे कसं सांगू?" काका म्हणाले. "त्या तेवढ्यावर तर जगतात."

मी सांगू नका म्हटलं नाही, सांगाही म्हटलं नाही. खाण-सुरक्षा खात्याला पत्र मात्र त्याच दिवशी टाकलं. शाळा जुन्या सहकारी भांडाराच्या ओसरीवर भरू लागली.

तीन आठवड्यांनी एक तरुण इंजिनियर आली, मागोमाग ट्रकवर बोअरचं यंत्र. तिने काकांचा नकाशा पाहिला आणि खुशीत म्हणाली, "खांब दिसतोय की." काका "हो" म्हणाले आणि घरी निघाले. फाटकापासून परत आले. म्हणाले, "पोकळ असेल." पुन्हा गेले, पुन्हा आले. "मॅडम, मघाचंच धरा. नाहीतर असं करा, दोन्ही लिहून ठेवा."

"काका, एक काय ते सांगा!" ती वैतागली.

"एकच असतं तर सांगितलं नसतं का?"

बोअर सुरू झाली त्या दिवशी निम्मं गाव पटांगणात जमलं. वहिनीही छत्री घेऊन आल्या होत्या. इंजिनियरने सगळ्यांना समजावून सांगितलं, साठ मीटरच्या आसपास खालून काळं पाणी आलं तर कोळसा शाबूत, आणि दांडा एकदम धसकन खाली गेला तर पोकळी. दुसरं काही होणं शक्यच नाही. काका लांब पायरीवर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरून.

एकसष्ट मीटर झाले. बासष्ट झाले. दांडा धसकला नाही. पाणी काळंही झालं नाही. वर आली ती पिवळसर, बारीक, स्वच्छ वाळू.

यंत्रवाल्याने यंत्र थांबवलं. इंजिनियरने वाळू हातात घेतली, कागद पाहिले, पुन्हा वाळू पाहिली. "ही नदीची वाळू आहे," ती म्हणाली. "नदी तर इथून दीड किलोमीटरवर आहे. इतक्या खाली ही आलीच कशी?"

मग ज्याला त्याला वाचा फुटली. एक म्हातारा म्हणाला, फार पूर्वी नदी इथूनच वाहायची. दुसरा म्हणाला, खाण बंद झाल्यावर पुराच्या पाण्याबरोबर आत शिरली असणार. काका उठून आले. "मी बत्तीस वर्षं हे नकाशे काढले," ते म्हणाले. "खाली वाळू नाही. खाली वाळू कधीच नव्हती."

वहिनींनी छत्री माझ्या हातात दिली, वाकून चिमूटभर वाळू घेतली आणि बोटांत चोळली.

"ही तर आमचीच," त्या म्हणाल्या.

"तुमची म्हणजे?" इंजिनियरने विचारलं.

"आम्ही भरलेली. सोळा बायका होतो. ट्रक नदीवरून वाळू आणून टाकायचे, आम्ही त्यातले गोटे वेचायचो आणि वाळू हौदात ढकलायचो. वरून पाणी सोडलं की पाइपातून खाली जायची. चार महिने तेच काम."

"खाली नेमकी कुठे?"

"ते आम्हाला कोण सांगणार? खाली जायची, एवढं खरं."

काका त्यांच्याकडे वळले. "वहिनी, हे कधी झालं?"

"तुम्ही नव्हता का मुख्य कचेरीत गेलात, नकाशांच्या प्रती काढायला? शेवटच्या वर्षी. परत आल्यावर सांगितलं होतं की, माझी पाठ धरलीय म्हणून."

"मला वाटलं, कोळशाच्या ढिगावर काम केलंत."

"आणि मला वाटलं, तुम्ही नकाशेवाले, तुम्हाला सगळं ठाऊकच असणार!"

"पण बायकांना कामाला लावलं कुणी? कंपनीने?"

"कसली कंपनी. यांनीच मला सांगितलं, बायका गोळा कर, आणि फार गाजावाजा करू नकोस."

काका तिथेच मातीच्या ढिगावर बसले. आणि ज्या गोष्टीसाठी महिनाभर त्यांची झोप उडाली होती, ती त्यांनी सगळ्या गावासमोर, वहिनींच्या तोंडावर सांगून टाकली. दादा ऑफिसात आला ते, सत्तावीस की सदतीस ते, आणि पेन्सिलीचंही.

वहिनी ऐकत होत्या. रागावल्या नाहीत, रडल्याही नाहीत. हिशेब न जुळणाऱ्या माणसासारख्या भुवया आक्रसून उभ्या राहिल्या.

"म्हणजे आधी काढला, मग भरला?"

"तसंच दिसतंय."

"मग काय भरतोय ते मला का नाही सांगितलं?"

"मला तरी कुठे सांगितलं, भरतोय म्हणून!"

दादाने भरला तो पश्चात्तापाने, की वरून हुकूम आला म्हणून, की वर शाळा आहे हे ध्यानात आल्यावर पाचावर धारण बसली म्हणून? भावाला अर्धं सांगितलं, बायकोला दुसरं अर्धं सांगितलं, आणि मरेपर्यंत एकाच पंगतीत दोघांच्या मधे बसून जेवला.

"कसा हो हा माणूस?" वहिनी म्हणाल्या. नवरा आत्ताच कुठे बाहेर गेल्यासारख्या.

इंजिनियरने आणखी सहा बोअर घेतल्या. चारांत वाळू निघाली, एकीत धड कोळसा, आणि एकीत दांडा आधी हातभर धसकला आणि मग वाळूला लागला. वाळू इतक्या वर्षांत दबून खाली बसली, त्यानेच भिंत फाटली, असं तिने अहवालात लिहिलं. शाळेचे पूर्वेकडचे वर्ग राहिले. पश्चिमेकडचे तीन पाडले आणि पटांगणाच्या कडेला नवे बांधले.

नवा नकाशा काकांनीच काढावा असं ठरलं. हात थरथरतो म्हणून पट्टी मी धरली. वाळू दाखवायला त्यांनी बारीक ठिपके दिले, तीन दिवस देत होते. मधला एक तुकडा कोराच राहिला, तिथे बोअर घेतलेली नव्हती. इंजिनियर म्हणाली, अंदाजाने भरून टाका. काकांनी तिथे वळणदार अक्षरात लिहिलं, 'माहीत नाही'.

"सरकारी नकाशात असं लिहीत नाहीत, काका."

"मग काय लिहितात?"

तिने जरा विचार केला. "'तपासणी बाकी' लिहा."

काकांनी तेही लिहिलं. आधीचं मात्र खोडलं नाही.

प्रकरण इथे मिटायला हवं होतं. पण काकांनी वहिनींना विचारलं, त्या सोळा जणी होत्या तरी कोण? दोघांनी बसून नावं आठवली. पाच वारल्या होत्या. उरलेल्यांना भेटायला काका वही घेऊन निघाले आणि वहिनी ओळख करून द्यायला बरोबर. पहिली म्हणाली, काम पावसाआधी झालं. दुसरी म्हणाली, भर पावसात, तिला तेव्हा तापही आला होता. तिसरी म्हणाली, चार महिने कसले, पुरतं वर्ष. आणि एक तर शपथेवर सांगते की पाइप शाळेच्या दिशेला नव्हताच, दवाखान्याच्या बाजूला जायचा. ते ऐकल्यापासून काकांनी दवाखान्याखालचे खांब पुन्हा मोजायला घेतलेत.

"काही जुळतंय का?" मी परवा विचारलं.

"काहीच नाही," काका म्हणाले. "आधी निदान एक भाऊ तरी कळत होता."

"तुम्हाला कळत होता," वहिनी आतून म्हणाल्या. "मला तेव्हाही नव्हता."

आज सोळांतली आणखी एक सापडलीय, लेकीकडे राहते, तीन तासांवर. सकाळच्या बसने दोघं गेले आहेत. वहिनींनी डबा घेतला, काकांनी वही घेतली आणि दोन पेन्सिली. खोडरबर टेबलावरच राहिला, तो विसरला की मुद्दाम ठेवला, ते विचारायचं माझ्या लक्षात आलं नाही.