बोटाएवढे राक्षस, हातभर भीती

चार माणसं वर्षानुवर्षं एकाच टेबलाभोवती बसून कापाकापी करत राहिली की टेबलाखाली कचरा साचतो. कचरा झाडता येतो. त्याच्यासोबत साचलेले किस्से मात्र झाडून निघत नाहीत! आणि आमचे किस्से सांगताना हसू येत असलं, तरी घडताना दर वेळी आमची पाचावर धारण बसलेली होती, हे आधीच सांगून ठेवतो.

आम्ही कोण? वाशीमच्या बाजारात माझं चष्म्याचं दुकान आहे. गजूभाऊंची दातांची लॅब आहे, म्हणजे डॉक्टर माप पाठवतात आणि हे कवळ्या बनवतात. वसीम मोबाइल दुरुस्त करतो. मीनलताई कॉलेजात केमिस्ट्री शिकवतात. माहेर पुण्याचं, सासर वाशीमचं. चौघांना नाद एकच. बोटाएवढी प्लॅस्टिकची माणसं, राक्षस, ड्रॅगन यांच्या फौजा जमवायच्या, टेबलावर डोंगर-किल्ले उभारायचे आणि फासे टाकून लढाई खेळायची. पण खरं सांगू? लढाईपेक्षा जोडाजोडीत जास्त मजा. याचं मुंडकं काढून त्याला बसव, ड्रॅगनचे पंख रेड्याला लाव. याला आम्ही 'कन्व्हर्जन' म्हणतो. दर रविवारी दुपारी गजूभाऊंच्या लॅबवरच्या खोलीत हा उद्योग चालतो.

बाहेरच्या माणसाला तो कसा दिसतो, हे आम्हाला कमलकाकूंमुळं कळलं.

*

कमलकाकू गजूभाऊंच्या शेजारी राहतात. त्या आठवड्यात त्यांच्या मुलाचा ताप उतरत नव्हता. घरात सगळे धास्तावलेले.

इकडं गजूभाऊंनी आपले अर्धवट सैनिक, सांध्यांच्या फटीत भरलेली पुट्टी वाळायला, गच्चीच्या कठड्यावर उन्हात ठेवलेले. मुंडकी नाहीत, मानेतून तारेचं टोक बाहेर आलेलं, खांद्याला टाचण्या, छातीवर लाल रंग. वारा आला आणि त्यातले काही थेट काकूंच्या अंगणात तुळशीजवळ पडले!

काकूंनी झाडू टाकला आणि किंकाळी फोडली. गल्ली जमा झाली. "करणी हाये माय हे! पोरावर केली कोन्तरी!" एक जण लगेच कुठल्याशा बाबाला आणायला गाडी काढायला लागला.

वरून आम्ही बघत होतो. मीनलताई म्हणाल्या, "खाली जाऊन खरं सांगा. नाहीतर मुलाला दवाखान्याऐवजी भलतीकडेच नेतील." गजूभाऊ उतरले.

"काकू, हे माहे होत. म्या बनवतो."

काकू हळूच म्हणाल्या, "तुमी बनवता? टाचण्या टोचून?"

"खेळणे होत जी!"

"मंग याह्यचे मुंडके कुठं हायेत?"

घाबरलेला माणूस खरं बोलतो. गजूभाऊ बोलून गेले, "वर डब्ब्यात हायेत. डब्बाभर मुंडके हायेत माह्याजोळ!"

सगळी गल्ली एक पाऊल मागं सरकली. कोणीतरी खाली वाकून दगड उचललेला मी पाहिला.

वाचवलं ते शोभावहिनींनी, गजूभाऊंच्या बायकोनं. त्या गर्दीतून सरळ आत शिरल्या, काकूंचा हात धरला आणि म्हणाल्या, "या वर. डोयानं पाहा, मंग जे म्हनायचं ते म्हना." वर आणून फौज, डब्बा, रंग, गोंद सगळं दाखवलं. तोवर मीनलताई मुलाला रिक्षात घालून दवाखान्यात निघाल्यासुद्धा. टायफॉइड निघाला. पोरगा पुढं ठणठणीत झाला.

काकू मात्र त्या दिवशी बराच वेळ शिंगवाल्या राक्षसाकडं बघत उभ्या होत्या. शेवटी बोलल्या, "नाक तं हुबेहूब माह्या दिराचं हाये!"

*

वसीमची पॅन्ट हा आमच्यातला बंदी घातलेला विषय आहे. म्हणूनच सांगतो.

झटपट चिकटणाऱ्या गोंदाची बाटली त्याच्या मांडीवर उलटी झाली. सुती पॅन्ट. त्यानं "अरेरे" म्हणायच्या आत पॅन्टमधून धूर निघायला लागला. आग नाही, ठिणगी नाही, नुसता धूर! वसीम पांढराफटक. "या अल्ला, जळून राह्यलो ना मी!"

मीनलताई ओरडल्या, "घाबरू नका! हा गोंद सुती कापडावर पडला की रासायनिक क्रिया होऊन तापतो!"

"ताई, शिकवनं बादमे! पयले इझवा!"

मी माठ उपडा केला. धूर थांबला, पण पॅन्ट मांडीला चिकटलेली. मग गजूभाऊ ओढतात, वसीम बोंबलतो, मी ओरडतो, "काढ बे, पटकन काढ!"

नेमक्या शोभावहिनी चहा घेऊन जिन्यात आलेल्या. पावलं थांबली. मग खालूनच आवाज आला, "चहा पायरीवर ठिवला!"

मांडीवरचा फोड बरा व्हायला बरेच दिवस लागले. वहिनी वर यायला त्याहून जास्त.

*

अकोल्याची मंडळी आमच्याकडं खेळायला येणार होती. त्यांचा दरारा मोठा. त्यांचे किल्ले पाहिले की आपण हा नाद सोडून भाजीचं दुकान टाकावं असं वाटतं. म्हणून गजूभाऊंनी थर्माकोलचा डोंगर कोरायला घेतला. कडे, कपाऱ्या, पायवाटा, माथ्यावर बुरूज. दिवसभर कवळ्या, संध्याकाळी डोंगर. शेवटी इतका देखणा झाला की आम्ही त्याच्याजवळ हळू आवाजात बोलायचो.

पाहुणे बसस्टँडवर उतरले असा फोन आला. गजूभाऊ म्हणाले, "एक हात काया रंगाचा मारतो. छाया येते मस्त." आणि डब्यातला स्प्रे मारला.

थर्माकोलला हा स्प्रे चालत नाही. हे आमच्यात एकट्या मीनलताईंना माहीत होतं, आणि त्या माहेरी गेलेल्या!

आधी बारीक चर्रर्र आवाज आला. मग माथ्यावरचा बुरूज तिरपा झाला. मग डोंगराचं पोट आत गेलं. विस्तवाजवळ ठेवलेल्या लोण्यासारखा तो आमच्या डोळ्यांदेखत खाली बसत चालला. वसीम किंचाळला, "भाऊ, डोंगर मरून राह्यला!" गजूभाऊंनी दोन्ही हातांनी तो धरायचा प्रयत्न केला. हातात काळा चिकट लगदा आला. ते जमिनीवर बसले. मी त्यांची नाडी पाहिली, खोटं कशाला सांगू.

जिन्यात पावलं वाजली. पाहुणे आत आले. टेबलाकडं पाहिलं. त्यांच्यातला सगळ्यात अनुभवी गृहस्थ वाकून वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "ज्वालामुखीनं गिळलेली दरी! हा पोत कसा आणला हो?"

गजूभाऊ जमिनीवरूनच बोलले, "टेक्निक हाये. सांगत नसतो आमी."

*

एक छोटासा किस्सा. फसलेल्या कवळ्या फेकून देणं गजूभाऊंच्या जिवावर येतं. म्हणून त्यांनी एका राक्षसाच्या गुहेला दार केलं ते कवळीचं. गुलाबी हिरड्या, वरची आणि खालची पूर्ण दंतपंक्ती, आत लाल दिवा.

आसेगावचे एक म्हातारेबुवा आपली कवळी तयार झाली का विचारायला आले आणि खाली कोणी दिसेना म्हणून थेट वर चढले. खोलीत अंधार, आणि समोर दात विचकून लाल उजेड. बुवा भिंतीला धरून धरून खाली आले. आम्ही पाणी दिलं. गजूभाऊ विचारतात, "काय झालं जी बाबा?"

बुवा बोळक्या तोंडानं कसंबसं म्हणाले, "काही नाई. माह्या कवळीची घाई नाई. पयले वर त्याह्यचं जेवन होऊ द्या!"

*

वाळकी मुळं आणि सालं यांच्यासारखं जंगल रंगानं होत नाही. म्हणून मी आणि वसीम आसेगावकडं एका ओळखीच्याच्या शेतात जाऊन बाभळीचा एक पोकळ खुंट घेऊन आलो. टेबलाच्या मधोमध उभा केला. शापित झाड! शोभून दिसलं.

खेळ रंगात आलेला. मीनलताई सडकून हरत होत्या. त्यांनी अंतर मोजायला टेप लावला, हात टेबलावर टेकला आणि एकदम थिजल्या. ओठ न हलवता म्हणाल्या, "झाडातून काहीतरी निघालंय."

लाल विंचू. नांगी वर करून तो ढोलीतून उतरला आणि आमच्या फौजांमधून चालू लागला. आमचा सगळ्यात मोठा राक्षस त्याच्यापुढं बाळ वाटत होता. वाटेत आलेले भालेवाले त्यानं आडवे केले. मग टेपवर चढला. टेपच्या दुसऱ्या टोकाला मीनलताईंचा हात.

आमच्याकडं लाल विंचवाला माणसं सापापेक्षा जास्त भितात. माझ्या चुलत्याला एका विंचवानं दवाखान्यात मरणाच्या दारातून फिरवून आणलेलं मी पाहिलंय. माझ्या कपाळावरून घाम नाकावर आला, पण पुसायला हात उचलेना.

"ताई, हालू नका," गजूभाऊ कुजबुजले. "मी हलतच नाहीये," ताई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आवाज मात्र वर्गात असतो तसाच होता.

विंचू एकेक आकडा ओलांडत पुढं. गजूभाऊंनी कवळी ठेवायची रिकामी डबी उचलली. हात हवेत. मी डोळे मिटले. टक्! उघडले तर डबी टेपवर पालथी, आत खुडखुड आवाज, आणि ताईंचं बोट डबीला लागूनच.

वसीमनं डबीकडं बोट केलं. "हा कोनाच्या टीमचा होता?"

मीनलताईंनी तोच हात वर केला. "माझ्या!"

*

आता शेवटचा.

आमच्या जिल्ह्यातल्या मालेगावला एका मित्राकडं गजूभाऊ आणि वसीम सकाळी मोटरसायकलनं निघाले. वसीम चालवत होता. गजूभाऊ मागं, मांडीवर किल्ल्याचं खोकं. रस्त्याला दोन्ही बाजूंनी तूर उभी. तुरीतून रोही, म्हणजे नीलगायीचा नर, उडी मारून सरळ गाडीपुढं आला. केवढं मोठं जनावर असतं ते! वसीमनं गाडी वळवली. वसीम बाजूला, शेताच्या मऊ मातीत पडला. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. गजूभाऊ डांबरावर. मांडीचं हाड मोडलं.

मी आणि मीनलताई दवाखान्यात पोचलो तेव्हा वसीम बाकावर बसला होता. शर्टावर गजूभाऊंचं रक्त. शोभावहिनी आल्या, तसा तो उठून भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. वहिनींनी हाक मारली, "वसीमभाऊ." तो वळला नाही.

डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. हाडाचे दोन तुकडे, एकमेकांपासून सरकलेले. "हाडात रॉड टाकावा लागेल. रक्त बरंच गेलंय, त्याची मला काळजी आहे. कंबरेखाली भूल देऊ, ते जागेच राहतील."

तेव्हा वसीम भिंतीकडून वळला. "रॉड म्हनजे पिन?"

"तसंच समजा."

आमच्या टेबलावर पाय तुटला की हेच करतात. दोन्ही तुकड्यांना भोक, आत तार, वर गोंद. आणि मग जी फट राहते ती पुट्टीनं बुजवायची. ते काम कायम वसीमचं. त्याच्याइतका हलका हात आमच्यात कोणाचा नाही.

"आन् फट?" त्यानं विचारलं.

डॉक्टरांना कळलं नाही. "फट हाड स्वतःच भरून काढतं. वेळ लागतो." ते आत गेले. दार बंद झालं.

मग ते थांबणं. वहिनी पदराचं टोक पिळत होत्या. आतून ड्रिलचा आवाज यायला लागला. तो आवाज आम्ही दर रविवारी ऐकतो, पण त्या दिवशी मीनलताईंनी कानांवर हात ठेवले. आवाज थांबला. मग ठोकल्याचा आवाज. मग तोही थांबला. मग काहीच नाही, आणि ते सगळ्यात वाईट. एक वॉर्डबॉय रक्ताची पिशवी घेऊन धावत आत गेला. वसीम खाली फरशीवर बसला आणि ओठ हलवत राहिला.

दार उघडलं. सिस्टर बाहेर आली. मास्क होता, चेहरा दिसेना. आम्ही सगळे उभे राहिलो.

"तुमच्यात वसीम कोन हाये?"

वसीम उठला. भिंत धरून.

"पेशंटनं निरोप देला. आतमदी सारखं बोलूनच राह्यला तो, डॉक्टर कावले. म्हनते, पिन बरोबर बसली, पन फट राह्यली. वसीमले म्हना, रडत नको बसू, पुट्टी घिऊन ये!"