सानिकाचा पॅच आणि दामले काका

कोडच्या साफसफाईत कसले किस्से घडणार, असं मलाही वाटायचं. पण डोंबिवलीतल्या माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये आम्ही चौघं दर रविवारी जमायला लागलो आणि किस्से एवढे साठले, की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना!

जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली एक फुकट ऑपरेटिंग सिस्टीम आहे. तिच्यातल्या बारीकसारीक दुरुस्त्या, म्हणजे पॅच, आम्ही करतो. जुन्या यंत्रांचा कोपरा निवृत्त दामले काकांकडे. त्यांनी 'तपासलं' लिहिल्याशिवाय तिथला पॅच पुढे सरकत नाही. नीलेश नोकरीवाला, राहणार खाडीकाठी. आणि सानिका. मुलगी लहान म्हणून चार वर्षं घरी होती. आता ठाण्याची एक कंपनी तिला म्हणत होती, "तुमचा एक तरी स्वीकारलेला पॅच दाखवा, मग बोलू."

*

तिचा पहिला पॅच एका ओळीचा. कॉम्प्युटरमध्ये बसवायच्या एका जुन्या कार्डाचा कोड सुरुवातीला थोडा थांबायचा आणि लगेच पुन्हा तेवढाच थांबायचा. तिने दुसरं थांबणं काढलं.

"चालवून बघितलंस?" काकांनी विचारलं.

"कंपाइल झालं ना काका, कॉम्प्युटरने एकही चूक दाखवली नाही!"

"अगं, कढई गॅसवर ठेवली म्हणजे भजी झाली का?"

नीलेशने आंबिवलीच्या एका दुकानातून ते कार्ड शोधून आणलं. एकदा थांबवलं, कार्ड ढिम्म. एकदाच पण दुप्पट वेळ थांबवलं, तरी ढिम्म! दोनदा थांबवलं, की चालू! आम्ही तीन रविवार डोकं खाजवलं. शेवटी काकांनी स्वतः कोडमध्ये टीप लिहिली, "दोनदाच थांबावं लागतं. कारण माहीत नाही."

*

पुढच्या पॅचमध्ये तिने कोडचा एक निरुपयोगी तुकडा काढला, कोडमधली नावं सुधारली आणि रिकाम्या ओळीही उडवल्या.

"एका पॅचमध्ये एकच काम," काका म्हणाले. "उद्या बिघडलं तर कशामुळे बिघडलं, ते कळायला हवं."

काकू त्या दिवशी डबा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे दूध, भाजी, इस्त्री सांगितली की नुसतं दूध आणता, ते यामुळे होय!"

*

तिसरा पॅच परत आला तो वर्णनामुळे. तिने लिहिलं होतं, "कोडची साफसफाई केली."

"काय केलंस ते दिसतंय. का केलंस ते लिही!"

नीलेशला हे फार आवडलं. घरी आईने त्याच्या जुन्या केबल भंगारात दिल्या, तेव्हा त्याने ऐटीत विचारलं, "आई, का केलंस ते सांग ना!"

आई सुकट निवडत होती. "तुझं लगीन ठरत नाय. पाहुणे घरात येतात, त्या वायरी बघून पळतात. हे लिव तुझ्या कम्प्युटरात!"

नीलेशने हे क्लासवर सांगितलं तेव्हा सानिकाही हसली, पण ती रडकुंडीला आली होती. मला तर काकांचा रागच यायला लागला होता.

*

चौथ्या वेळी तिने जुन्या प्रिंटर कार्डाचा अख्खा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा कोड, काढायचं ठरवलं. कुणी वापरतं का, म्हणून जगभर मेल टाकून विचारलं. दोन महिने वाट पाहिली. एकही उत्तर नाही. पॅच पाठवला.

मग मी सहज ती फाईल उघडली. सगळ्यात वर असतो तो मजकूर कुणीच वाचत नाही. तिथे लिहिणाऱ्याचं नाव होतं. दामले! काकांनी ऐन उमेदीत लिहिलेला ड्रायव्हर. त्या सगळ्या सिस्टीममध्ये त्यांच्या हातचा तेवढाच कोड उरला होता.

सानिकाचा चेहरा उतरला. "सर, मी मागे घेते. कंपनी गेली उडत."

"थांब. काकांना बघू दे," मी म्हटलं खरं, पण धाकधूक मलाही होती.

त्या रविवारी काका आले नाहीत. पुढच्याही नाही. फोन केला तर काकू म्हणाल्या, "कॉम्प्युटरसमोर बसलेत. जेवायला हाक मारली तरी हूं म्हणतात फक्त."

बुधवारी सकाळी सानिका क्लासवर आली आणि तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. काकांचं उत्तर आलं होतं.

"फाईल पूर्ण गेली आहे, बरोबर. पण मुख्य यादीत या ड्रायव्हरची एक ओळ अजून राहिली आहे. तीही काढ. काढायचं तर नीट काढावं. बाकी तपासलं. दामले."